कामाकुरा ते एनोशिमा: अर्ध्या दिवसाची किनारी सहल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोला आलेली मराठी मंडळी एखादी सकाळ मोकळी ठेवतात आणि मला विचारतात, "समुद्र बघायला कुठं नेशील?" मी त्यांना सागामी उपसागराच्या काठानं कामाकुराहून एनोशिमाला नेते. नोंदणीआधी सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. काही थोडक्यात आहेत, तर काही ठिकाणी मला थांबता आलं नाही.

सहल नेमकी कुठून कुठं आणि किती वेळाची?

सकाळी सव्वाआठला कामाकुरा स्थानकाच्या पश्चिम दाराबाहेर भेटायचं. तिथं जुन्या स्थानकाचा घड्याळाचा मनोरा जपून ठेवलाय, त्याच्या पायथ्याशी मी उभी असते. आधी एनोदेन नावाच्या छोट्या रेल्वेनं हासे, तिथं दाइबुत्सु (महाबुद्ध) आणि हासेदेरा मंदिर. मग पुन्हा गाडी, इनामुरागासाकीच्या टोकाशी थोडा थांबा आणि शेवटी एनोशिमा बेट. दुपारी सव्वाएकच्या सुमारास बेटाच्या पुलापाशी सहल संपते. पाच तासांत पाच-सहा किलोमीटर चालणं होतं.

कामाकुरात इतकी मंदिरं आहेत, मग तुम्ही दोनच का दाखवता?

हा प्रश्न तक्रारीच्या सुरातही येतो, आणि ते मला समजतं. इतक्या लांब आल्यावर सगळं बघून घ्यावंसं वाटणारच. कामाकुरा ही ११८५ च्या सुमारापासून १३३३ पर्यंत शोगुनांची, म्हणजे लष्करी शासकांची राजधानी होती. त्सुरुगाओका हाचिमांगू, केन्चोजी, एंगाकुजी अशी प्रत्येकी अर्धा दिवस मागणारी ठिकाणं इथं आहेत. पण ती गावाच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या कुशीत आहेत. अर्ध्या दिवसात डोंगर आणि समुद्र दोन्ही उरकायला गेलं की फक्त धावपळ लक्षात राहते. तसं मी सुरुवातीला करून पाहिलं आहे आणि पुन्हा करणार नाही.

मी ठेवलेल्या तिन्ही जागांची गोष्ट समुद्राशी बांधलेली आहे. बुद्धाच्या डोक्यावरचं छप्पर समुद्रानं नेलं असं सांगतात, हासेदेराची कान्नोन (अवलोकितेश्वराची मूर्ती) समुद्रातून वाहत आली असं मानतात आणि एनोशिमा तर समुद्रातूनच वर आलं अशी कथा आहे. गाडीतून दिसणारं पाणी या तीन गोष्टींना जोडतं. ज्यांना हाचिमांगू बघायचंच आहे त्यांनी आदल्या दिवशी किंवा दुपारनंतर वेगळं जावं. स्थानकाच्या पूर्वेकडून पायी दहा मिनिटांवर आहे.

दाइबुत्सु उघड्यावर का बसलाय?

कोतोकु-इन मंदिरातली ही अमिताभ बुद्धाची ब्राँझची मूर्ती. जपानीत त्याला अमिदा म्हणतात. ओतकाम १२५२ मध्ये सुरू झालं. चौथऱ्याशिवाय उंची ११.३ मीटर, वजन सुमारे १२१ टन. एकेकाळी मूर्तीवर लाकडी सभागृह होतं. १३३४ आणि १३६९ च्या वादळांत ते पडलं आणि १४९८ च्या भूकंपानंतरच्या लाटेनं उरलंसुरलं वाहून गेलं, अशी गोष्ट बहुतेक ठिकाणी ऐकाल. मात्र १४८६ साली इथं आलेल्या एका भिक्षूनं बुद्ध उघड्यावर बसलेला असल्याचं लिहून ठेवलंय, म्हणजे छप्पर लाटेच्या आधीच गेलं असावं. लाटेची गोष्ट ऐकायला अधिक छान आहे हे खरं, पण सोबतच्यांना मी दोन्ही सांगते.

जवळ गेलात की गालांवर सोन्याच्या वर्खाचे पुसट अंश शोधा, आणि अंगावरचे आडवे सांधे पाहा. मूर्ती एका ओतात झालेली नाही. खालून वर थराथरानं ओतत नेली आणि प्रत्येक थर आधीच्या थरात अडकवला. ती आतून पोकळ आहे. वेगळे ५० येन भरून आत शिरता येतं, तिथं हे सांधे हाताच्या अंतरावर दिसतात. आवाराची प्रवेश फी मोठ्यांना ३०० येन आहे, ती सहलीत धरलेली आहे.

एका बाजूच्या भिंतीवर पावणेदोन मीटरहून लांब अशा गवताच्या चपला टांगलेल्या दिसतील. बुद्धानं उठून देशभर फिरावं म्हणून इबाराकी प्रांतातली मुलं त्या विणून पाठवतात. मला या आवारातली ही सगळ्यात प्रेमळ गोष्ट वाटते.

आम्ही बौद्ध आहोत. तिथं वंदना म्हणता येईल का?

हो, नक्की. महाराष्ट्रातून येणाऱ्यांत असे बरेच असतात, आणि त्यांच्यासाठी ही जागा बघण्याची नसते, नमन करण्याची असते. म्हणून दाइबुत्सुपाशी मी सकाळी सगळ्यात आधी नेते. आवार आठला उघडतं आणि शाळांच्या सहली यायच्या आत अर्धा तास शांत मिळतो. समोरच्या मोठ्या पात्रात उदबत्ती लावता येते. त्रिशरण-पंचशील हलक्या आवाजात म्हटलं तर कुणी अडवत नाही. चप्पल काढायची गरज नाही, इथं उघड्यावर तशी पद्धत नाही. तुम्हाला काढावीशी वाटली तर वाटेतून जरा बाजूला उभे राहा, एवढंच.

याच आवारात श्रीलंकेचे जे. आर. जयवर्धने यांच्या स्मरणार्थ एक शिळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी तह करण्यासाठी भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत त्यांनी "वैरानं वैर शमत नाही" या अर्थाचं धम्मपदातलं वचन उद्धृत करून जपानकडून नुकसानभरपाई मागायचं नाकारलं होतं. बहुतेक गट या शिळेवरून पुढे निघून जातात. मी तिथं पाच मिनिटं थांबवते.

हासेदेरात काय बघायचं?

सुमारे ९ मीटर उंचीची, अकरा मुखांची लाकडी कान्नोन. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेला पद्मपाणी ज्यांनी पाहिलाय, त्यांनी मनात तो ठेवून या मूर्तीसमोर उभं राहावं. चीन-कोरियातून इथं येईपर्यंत चेहरा, वस्त्रं, नाव सगळं पालटलं, पण झुकलेली नजर तीच राहिली असं मला दरवेळी वाटतं.

आख्यायिका अशी: ७२१ मध्ये कापराच्या एकाच झाडातून दोन मूर्ती कोरल्या. एक नारा शहराजवळच्या हासेला बसवली. दुसरी, जिथं लोकांचं भलं व्हावं तिथं जावी अशी प्रार्थना करून समुद्रात सोडली. ती पंधरा वर्षांनी इकडच्या किनाऱ्याला लागली आणि ७३६ मध्ये हे मंदिर उभं राहिलं. सभामंडपात फोटो काढायला मनाई आहे. नियम म्हणून तर पाळाच, पण कॅमेरा खाली ठेवल्यावर मूर्ती अधिक दिसते.

मंडपाबाहेरच्या गच्चीवरून युइगाहामाची चौपाटी आणि पलीकडचा मिउरा द्वीपकल्प दिसतो. खाली बागेशेजारी बेंटेन गुहा आहे. वाकून आत शिरावं लागतं आणि भिंतीत देवता कोरलेल्या आहेत. जूनमध्ये मागच्या उतारावर निळी-जांभळी अजिसाई, म्हणजे हायड्रेंजिया फुलते. तेव्हा त्या वाटेसाठी वेगळी रांग आणि वेळ लिहिलेलं तिकीट असतं. त्या महिन्यातल्या सहलीत मी तो उतार धरत नाही, नाही तर एनोशिमा हातचं जातं.

एक विनंती. पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर लहान लहान जिझोंच्या (मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वाच्या) शेकडो मूर्ती ओळीनं उभ्या आहेत. दिसायला गोड आहेत, पण जन्माआधी किंवा जन्मताच गेलेल्या बाळांसाठी आईबापांनी त्या ठेवल्या आहेत. तिथं हसत-खिदळत फोटो नकोत.

जपानी देवळांत देवनागरीसारखी अक्षरं दिसली. तो भास होता का?

भास नव्हता. ती सिद्धम् लिपी. ती आणि आपली देवनागरी, दोघी ब्राह्मीच्या लेकी. जपानी बौद्ध परंपरेनं ती बीजाक्षरांसाठी जपली. दफनभूमीत थडग्यांमागे उभ्या असलेल्या उंच लाकडी फळ्यांवर आणि जुन्या दगडी स्तूपांवर ती सापडते. अमिदाचं बीजाक्षर ह्रीः. थोडी सवय झाली की मराठी माणसाला ते वाचता येतं, आणि वाचता आलं त्या क्षणी लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

एनोदेनचं एवढं कौतुक कशासाठी?

फुजिसावा ते कामाकुरा १० किलोमीटर, १५ स्थानकं, साधारण ३४ मिनिटं. पहिला तुकडा १९०२ मध्ये सुरू झाला, १९१० मध्ये गाडी कामाकुरापर्यंत आली. रूळ एकेरी, म्हणून समोरची गाडी येईपर्यंत ठरावीक ठिकाणी थांबून राहते. लोकांच्या परसातून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या इतक्या जवळून जाते की खिडकीतून हात काढायची भीती वाटावी. हासेनंतर लगेच विटांचा एक बोगदा येतो आणि पलीकडे गोकुराकुजी. गोकुराकु म्हणजे सुखावती, अमिताभाचा स्वर्ग. इनामुरागासाकी मागे पडलं की घरं एकदम संपतात आणि डावीकडे नुसतं पाणी. म्हणून हासेहून चढताना डावी बाजू धरा. पुढे कोशिगोए ते एनोशिमा गाडी चक्क रस्त्यावरून, मोटारींच्या सोबतीनं धावते.

जपान रेल पास या गाडीला चालत नाही. सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड चालतं.

कार्टूनमध्ये दिसतं ते रेल्वे फाटक दाखवणार का?

कामाकुरा-कोको-माए स्थानकाजवळचं फाटक ना? मुलं सोबत असली की हा प्रश्न येतोच. गाडीतून दाखवते, उतरत नाही. तो रहिवाशांचा चढाचा रस्ता आहे. तिथं रोज एवढी गर्दी लोटते की लोकांना घरातून गाडी बाहेर काढणं अवघड होतं, आणि फोटोसाठी रस्त्यात उभं राहणं धोक्याचंही आहे. त्याऐवजी आपण इनामुरागासाकीला उतरतो. १३३३ मध्ये निट्टा योशिसादा या सेनापतीनं इथं आपली तलवार समुद्राला अर्पण केली, पाणी ओसरलं आणि त्याचं सैन्य किनाऱ्यानं कामाकुरात घुसलं अशी कथा आहे. शोगुनांची राजधानी त्या वर्षी पडली. इथली काळी वाळू लोहयुक्त आहे. चुंबक आणलात तर मुलांचा वेळ उत्तम जाईल.

फुजी दिसेल का?

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या सकाळी बरेचदा दिसतो. इनामुरागासाकीहून बेट पुढे आणि फुजी मागे असं चित्र मिळतं. उन्हाळ्यात दमट धुक्यात तो बहुधा दडलेला असतो. फुजीसाठीच येणार असाल तर थंडीत या.

एनोशिमाची देवी म्हणजे सरस्वती, हे खरं का?

खरं. बेंझाइतेन म्हणजे सरस्वतीच. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे जपानला आली. वीणेच्या जागी हातात बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं. नदीची देवी असल्यामुळे तिची ठाणी पाण्याकाठी, तळ्यांत आणि बेटांवर वसली. कला आणि विद्येसोबत इथं ती धनाचीही देवी झाली, म्हणून लोक तिच्याकडे नाणी धुऊन नेतात. जपानमधल्या तीन प्रमुख बेंझाइतेनांत एनोशिमाची गणना होते. इतर दोन चिकुबुशिमा आणि इत्सुकुशिमा.

बेटाची कथा १०४७ मध्ये लिहिली गेली असं मानतात. पाच तोंडांचा एक नाग-ड्रॅगन किनाऱ्यावरच्या गावांना छळत होता, मुलं खात होता. एके दिवशी भूकंप झाला, ढग उतरले, समुद्रातून बेट वर आलं आणि त्यावर देवी अवतरली. ड्रॅगन तिच्या प्रेमात पडला. तिनं त्याला त्याच्या कृत्यांवरून साफ नाकारलं. मग त्यानं दुष्टपणा सोडला, गावांचं रक्षण करायचं वचन दिलं आणि शेवटी टेकडी होऊन देवीकडे तोंड करून बसला. किनाऱ्यावर तात्सुनोकुची नावाची जागा आहे, अर्थ ड्रॅगनचं तोंड. आपली गाडी रस्त्यावर येते ती त्याच्याच आसपास.

पहिल्या देवळाशेजारच्या आठ कोनी मंडपात बिवा घेतलेली बेंझाइतेन आहे. विवस्त्र मूर्ती आहे, हे आधीच सांगते म्हणजे कुणी गोंधळून जाणार नाही. ती संगीतकारांची देवी. गाणं-वाजवणं शिकणारी मुलं सोबत असली तर इथं मी त्यांना एखादं सरस्वतीस्तवन हळू म्हणायला सांगते. "या कुन्देन्दु" बहुतेकांना पाठ असतं.

गुडघे दुखतात. जमेल का?

दाइबुत्सु जवळजवळ सपाटीवर आहे. हासेदेरात पायऱ्या आहेत, पण टप्प्याटप्प्यानं. एनोशिमाचा चढ मात्र खरा चढ आहे. तिथं १९५९ पासून एस्कार नावाचे सरकते जिने आहेत. पैसे भरून वर जाता येतं, पण ते फक्त वर जातात, उतरायचं पायीच. काठी असेल तर घेऊन या. चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीसाठी मी वेगळा बेत करते: दाइबुत्सु, गाडीचा प्रवास आणि पुलावरून बेटाच्या पायथ्यापर्यंत. समुद्र तेवढाच मिळतो. बेटाच्या टोकाच्या इवाया गुहा कुणाच्याच अर्ध्या दिवसात बसत नाहीत. उतरून पुन्हा चढायच्या पायऱ्यांनीच तास जातो.

आम्ही शाकाहारी आहोत. खायचं काय?

सविस्तर सांगते, कारण इथंच सगळ्यात जास्त फसगत होते. मांस नको म्हटलं तरी जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं दाशी, म्हणजे सुक्या माशाचा अर्क, भाजीत, सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात असतोच. वाढणाऱ्याच्या मनात तो मासा नसतो. त्यामुळे फक्त "व्हेज" विचारून भागत नाही. हे वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देस." मांस-मासे खात नाही, दाशीसुद्धा चालत नाही, असा अर्थ.

वाटेत खात्रीनं चालतं ते असं: उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) भरलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा (वेष्टनावरचा मजकूर मी वाचून देते), भाजलेलं रताळं, आणि मोची व दांगो हे तांदळाचे गोड गोळे. कामाकुराचं जांभळ्या रताळ्याचं आइस्क्रीम प्रसिद्ध आहे. कबुतराच्या आकाराची बटर बिस्किटं सगळे भेट म्हणून नेतात, पण त्यात अंडं आहे. जैन मंडळींनी घरून थेपले किंवा दशम्या आणाव्यात, मी बसायला जागा दाखवते.

मासे खाणाऱ्यांची इथं चैन आहे. शिरासू म्हणजे तारलीसारख्या माशांची पारदर्शक पिल्लं, उकडून भातावर पसरून देतात. किनाऱ्यावर ती जाळ्यांवर वाळत घातलेली दिसली की हर्णैकडे जवळा वाळत घालतात तो वास आठवून मला गलबलून येतं. कच्ची शिरासू जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत मिळत नाही, कारण त्या काळात मासेमारी बंद ठेवतात.

घारींची भीती खरी आहे का?

पूर्णपणे खरी. एका सहलीत सहा वर्षांच्या मुलीच्या हातातली ओनिगिरी घारीनं मागून येऊन उचलली. बोटाला ओरखडा आला आणि ती इतकी घाबरली की पुढचा तासभर आईचा हात सोडेना. त्या दिवशी मी पुरेसं बजावलं नव्हतं. तेव्हापासून नियम एकच: चौपाटीवर आणि पुलावर उघड्यावर खायचं नाही. भिंतीला पाठ लावून किंवा छताखालीच खायचं. तसंही कामाकुरा शहरानं २०१९ मध्ये नियमावली करून गर्दीच्या गल्ल्यांत चालत खाऊ नये असं आवाहन केलंय.

सहलीत भूकंप झाला तर?

हा किनारा १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात हादरला होता आणि त्सुनामीही आली होती, त्यामुळे हा प्रश्न योग्यच आहे. जोराचा किंवा लांबलेला धक्का बसला तर इशाऱ्याची वाट न बघता उंचावर जायचं. हासेत असलो तर हासेदेराची टेकडी, बेटावर असलो तर वरचा चढ. रस्त्यांवर स्थलांतराच्या पाट्या आहेत आणि त्या मी चालता चालता दाखवत जाते. चौपाटीवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलताना दिसला तर तो त्सुनामीचा इशारा. सामान सोडून निघायचं. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

कधी येऊ नये?

एप्रिलअखेर ते ५ मे या सुट्ट्यांत एनोदेनसाठीच लांब रांगा लागतात. त्या आठवड्यात मी सहल ठेवत नाही. नव्या वर्षाचे पहिले दिवसही नकोत. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम आणि चौपाटीवर गर्दी. सप्टेंबरमध्ये वादळं येतात. गाडी बंद झाली तर सहल रद्द आणि पैसे परत. साध्या पावसात मात्र आपण निघतो. माझ्या मते नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरमध्य आणि मार्च हे दिवस सगळ्यात चांगले.

फीमध्ये काय येतं आणि सोबत काय आणायचं?

दोन्ही मंदिरांचा प्रवेश आणि एनोदेनचं भाडं येतं. टोकियोहून कामाकुराचं तिकीट (योकोसुका मार्गानं तासाभराचा प्रवास, साधारण हजार येन), खाणं आणि एस्कार तुमच्याकडे. गट सहा जणांपर्यंतच, नाही तर गाडीत आपणच इतरांना अडचण होतो. सुटी नाणी, पाण्याची बाटली आणि कचऱ्यासाठी एक पिशवी आणा. रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नाहीत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. मोठ्या बॅगा कामाकुरा स्थानकातल्या लॉकरमध्ये ठेवल्या तर त्या घ्यायला परत यावं लागतं, त्यामुळे त्या हॉटेलवरच राहू द्या.

परत कसं जायचं?

टोकियोतल्या शिंजुकूला जाणाऱ्यांनी कातासे-एनोशिमाहून ओदाक्यू रेल्वे घ्यावी. ते स्थानक समुद्रतळाच्या राजवाड्यासारखं बांधलंय आणि आत जेलीफिशची टाकी आहे. मुलं असतील तर शोनान मोनोरेलनं ओफुनाला जा: ६.६ किलोमीटर, १४ मिनिटं, आणि डबे रुळाखाली लटकत जातात. पुढची जागा मिळवा. ओफुनाला उतरलात की स्थानकाजवळच्या टेकडीवर पांढरी, पंचवीस मीटर उंच कान्नोन दिसेल. सकाळी हासेदेरात अंधारात पाहिलेलीच देवता, इथं उन्हात.